दिवेलागणीनंतरचा बाजार कुणाचा?

'रात्रबाजार' हा शब्द अलीकडे फारच कानावर पडू लागलाय. इंदूरचा सराफा आणि अहमदाबादचा माणेकचौक ही त्यातली जुनी मंडळी. पण आता लहानमोठ्या प्रत्येक शहराला वाटतं, आपलाही एक असावा. आठवड्यातून एखाद्या रात्री दिव्यांच्या माळा लावाव्यात, खाण्याच्या गाड्या उभ्या कराव्यात, मधूनमधून हस्तकलेच्या वस्तू मांडाव्यात, लोकांनी सहकुटुंब यावं, खावं, हिंडावं. सरकारचंही मन या गोष्टीला अनुकूल दिसतं. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत मॉल आणि हॉटेलं रात्रभर उघडी ठेवायची मुभा मिळाली. २०२३ साली केंद्रानं देशभर १०० 'फूड स्ट्रीट' उभारायचं ठरवलं, एकेकीला १ कोटी रुपये. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं स्पष्टच करून टाकलं, की मद्याची वगैरे ठिकाणं सोडली तर दुकानं चोवीस तास उघडी राहू शकतात.

हे वारं आता आमच्या रिद्धपूरपर्यंत पोचलंय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांमध्ये हाच विषय निघाला होता. विद्यापीठ आलंय, बाहेरगावची मुलं-मुली येणार, यात्रेकरू तर बारा महिने येतात, मग आपल्याकडे का नसावा असा बाजार? एक जण म्हणाली, "आपल्यालाही कधी रात्री घराबाहेर पडून काही खावंसं वाटते की नाही? का सगळी रात्र माणसांच्याच नावावर?" सगळ्या हसल्या, पण बोलणं खरं होतं. रात्री नऊनंतर गावात चौकात उभी असलेली बाई दिसली तर आजही चार माना वळतात. एखादा उजेडाचा, गजबजलेला बाजार असेल तर तिथं जायला बाईला कारण विचारलं जात नाही. एवढ्यासाठी तरी रात्रबाजार हवा, असं माझंही मत आहे.

पण मैत्रिणींनो, त्या हळदीकुंकवात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आम्ही सगळ्या बोलत होतो त्या खाणाऱ्या आणि घेणाऱ्या म्हणून. विकायला कोण बसणार, हा प्रश्न कुणी काढलाच नाही.

रिद्धपूर ज्यांना नुसतं नावानं माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातलं हे गाव. महानुभावांची काशी म्हणतात याला. गोविंदप्रभू इथलेच. चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' लिहिलं ते इथं बसून, तेराव्या शतकात. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात ती महदंबा याच मंडळींतली, आणि तिचे 'धवळे' इथल्याच प्रसंगातले. म्हणून तर मराठी भाषा विद्यापीठासाठी हे गाव निवडलं गेलं. २०२३ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली, २०२४ मध्ये डॉ. अविनाश आवलगावकर पहिले कुलगुरू झाले, आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. तेव्हापासून गावाकडे येणाऱ्या गाड्या वाढल्यात हे तर उघड दिसतं.

आता यातली एक गोष्ट अशी, की जी मला नेहमी नवल वाटायला लावते. महानुभाव परंपरा सांगते की चक्रधरांना गोविंदप्रभू भेटले ते इथल्या रांधवणहाटात, आणि त्यांनी प्रसाद दिला तो शेंगुळ्यांचा. रांधवण म्हणजे रांधलेलं अन्न, हाट म्हणजे बाजार. म्हणजे शिजवलेल्या खाण्याचा बाजार! आज आपण ज्याला 'स्ट्रीट फूड' म्हणतो, नेमकं तेच. सुमारे आठशे वर्षांपूर्वी या गावात तयार खाणं विकणारा बाजार भरत होता, आणि त्याला आपल्या भाषेत इतकं नेटकं नाव होतं. उद्या इथं रात्रबाजार निघालाच तर त्याला इंग्रजी पाटी लावू नका, एवढं माझं आधीच सांगून ठेवणं आहे. नाव तयार आहे.

तर विकायला कोण बसणार? याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. विकणाऱ्या बाया आजही बसतात, आणि रात्रीपर्यंत बसतात. आपला आठवडी बाजार हा मुळातच दिवे लागल्यावरचा बाजार आहे, हे आपण विसरलोय.

शहरातल्या वाचकांना वाटेल, आठवडी बाजार म्हणजे सकाळची भाजी. वऱ्हाडात तसं नसतं. दुपारी दोन-तीनपर्यंत नुसती पालं ठोकणं, माल उतरवणं चालतं. शेतात गेलेली माणसं पाच-सहाला परततात. कापूस वेचणीच्या दिवसांत तर वेचणीचे पैसे बऱ्याचदा बाजाराच्या दिवशीच हातात पडतात. ते पैसे हातात आल्याशिवाय मीठ-मिरची, तेल, लेकरांचा खाऊ घेणार कुठून? त्यामुळे खरी गर्दी होते ती दिवेलागणीला. रिद्धपूर, चांदूर बाजार, मोर्शी, सगळ्या पट्ट्यात हाच हिशोब. चांदूरच्या तर नावातच बाजार आहे. आणि 'बाजार करणं' हा आमच्याकडचा शब्दही मोठा मजेदार, घेणारीही बाजार करते आणि विकणारीही बाजारच करते.

शेवटच्या तासात काय होतं, ते कधी उभं राहून बघावं. सांभार, पालक, वांगी, टमाटे हा नाशवंत माल. परत न्यायचा तर भाडं लागतं आणि सकाळपर्यंत तो सुकतो. म्हणून सात वाजले की भाव उतरू लागतो. वीसचा ढीग पंधराला, मग दहाला, मग "घेऊन जा वं माय, काय द्याचं ते दे". ज्यांच्याजवळ पैसे कमी त्या बाया मुद्दाम या वेळेची वाट बघतात. म्हणजे उतरत्या भावात विकणारीही गरीब आणि घेणारीही गरीब. दिवसभराचा धंदा या शेवटच्या तासात फायद्यात जातो की तोट्यात, ते ठरतं. म्हणून कितीही अंधार झाला तरी विकणारीला उठून जाता येत नाही.

अशाच एका बाजारात एक भाजीवाली मावशी मला नेहमी भेटते. पलीकडच्या खेड्यावरून येते. वय साठीच्या पुढे. एकदा उन्हाळ्यात मी तिला माझ्या बाटलीतलं पाणी देऊ केलं, तर तिनं हातानंच नको म्हटलं.

"बाजाराच्या दिसी मी पाणीच पेत नाई, बाई."

"काऊन वं मावशी?"

"मंग जावं कुठं? दिसा तरी कोनाच्या घरी जाता येते. रातच्याला कोन दार उघडते?"

चाळीस वर्षं ती बाजार करते आहे. चाळीस वर्षं आठवड्यातले दोन-तीन दिवस ती पाण्याशिवाय काढते, कारण बाजाराच्या जागेत बाईमाणसाला जायची सोय नाही. कुठल्या गावचा हा बाजार, ते मी सांगत नाही. सांगायची गरजच नाही, तुमच्याही जवळच्या बाजारात जाऊन बघा.

मग दिव्याचं. अंधार पडला की एक माणूस बॅटरी आणि तारा घेऊन फिरतो आणि दुकानापाठी एक बल्ब लावून देतो. त्याचे वीस रुपये. ज्या बाईचा दिवसाचा गल्लाच तीन-चारशे, तिला तेही जड. मग दोघी-तिघी मिळून एक बल्ब घेतात आणि मधे टांगतात. जिच्या बाजूला उजेड कमी पडतो तिचा माल कमी विकला जातो, अन् त्यावरून भांडणंही होतात. परत जायची वेगळीच कथा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, फार चांगलं झालं. पण रात्री आठनंतर खेड्याच्या फाट्याकडे जाणारी एसटीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचं करायचं काय? मग कुणाच्या तरी मालाच्या गाडीवर, रिकाम्या क्रेटांच्या मधे बसून या बाया घरी जातात.

आता जरा कायद्याकडे बघू. कारण मला खरी गंमत तिथं वाटते. गंमत म्हणजे हसायची नव्हे.

राज्याचा दुकाने आणि आस्थापनांचा कायदा २०१७ साली नव्यानं झाला. त्यानं बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायची वाट मोकळी केली, पण तिच्या संमतीनं, आणि अटींवर. तिच्या सुरक्षिततेची, सन्मानाची हमी हवी, छळापासून संरक्षण हवं, घरापर्यंत पोचवायची सोय हवी. हे सगळं योग्यच आहे. पण हा कायदा आहे तो ठरावीक संख्येनं नोकर ठेवणाऱ्या आस्थापनांना. मॉलमधल्या काउंटरवरच्या मुलीला तो लागू होतो. गोणपाट टाकून बसलेल्या मावशीला कुणी नोकरीवर ठेवलेलं नाही, म्हणून तिच्या संमतीचा आणि घरी पोचण्याचा प्रश्न कायद्यात येतच नाही.

बरं, मग फेरीवाल्यांचा कायदा आहे की! २०१४ साली संसदेनं तो केला. त्यामागे मोठी लढाई होती. इलाबेन भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादेत 'सेवा' उभी केली, त्यात माणेकचौकातल्या भाजीवाल्या बायकाही होत्या, आणि बसायच्या जागेसाठी त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. रस्त्यावर विकणं हा जगण्याच्या व्यवसायाचा हक्क आहे, हे १९८९ मध्ये न्यायालयानं सोदान सिंग खटल्यात मान्य केलं. २०१४ च्या कायद्यात फार चांगल्या गोष्टी आहेत. शहरात फेरीवाल्यांची समिती हवी, तिच्यात ४० टक्के प्रतिनिधी विकणाऱ्यांचेच, आणि त्यातल्या एक तृतीयांश जागा बायकांना. हटवायचं तर ३० दिवसांची नोटीस. नाशवंत माल जप्त केला तर त्याच दिवशी परत. पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार असेल तर तो वारसा बाजार म्हणून जपायचा.

वाचताना मन कसं भरून येतं! पण हा कायदा लिहिला गेला तो महापालिका, नगरपालिका, नगरपंचायतींसाठी. ग्रामपंचायतीच्या बाजाराला तो लागू नाही. म्हणजे अमरावतीच्या रस्त्यावर बसणारी भाजीवाली कागदावर तरी हक्काची धनी आहे, आणि तीच बाई दुसऱ्या दिवशी खेड्यातल्या बाजारात बसली की तिचा हक्क संपतो. पीएम स्वनिधीचंही बराच काळ असंच होतं. जून २०२० मध्ये सुरू झालेली ही कर्जयोजना शहरी फेरीवाल्यांसाठी, पहिल्यांदा १० हजार रुपये. ऑगस्ट २०२५ मध्ये ती वाढवली, पहिलं कर्ज १५ हजार केलं आणि शहरालगतच्या भागांतही टप्प्याटप्प्यानं न्यायचं ठरलं. पण रिद्धपूर काही शहरालगत नाही.

खेड्यातल्या बाजारासाठी कुणी काही बोललंच नाही असंही नाही. २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २२ हजार ग्रामीण हाट सुधारायची घोषणा झाली होती, २ हजार कोटींच्या निधीसह. कशासाठी? तर छोट्या शेतकऱ्याला माल थेट विकता यावा म्हणून. त्या घोषणेत शेतकरी होता. आमची मावशी मात्र शेतकऱ्याकडून माल घेऊन विकते. ती ना शेतकरी, ना शहरी फेरीवाली, ना आस्थापनेतली कामगार!

खेड्यातल्या बाजाराचा खरा मालक ग्रामपंचायत. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानं आठवडी बाजारातल्या दुकानांवर फी बसवायचा अधिकार तिला दिलाय. ही वसुली बहुतेक ठिकाणी वर्षभरासाठी लिलावानं ठेक्यावर दिली जाते. ठेकेदार एकरकमी पैसे पंचायतीला भरतो आणि मग त्याची पोरं बाजारात फिरून बैठकीचे पैसे घेतात. पावती मागितली तर कधी मिळते, कधी नुसतं डोळे वटारून बघणं मिळतं. बाई एकटी असेल तर रक्कम वाढते असंही एकीनं सांगितलं. आता बघा, या बाया पैसे भरतात. दर आठवड्याला भरतात, माल विकला जावो न जावो. त्या पैशांतून पंचायतीचं उत्पन्न होतं. मग त्या उत्पन्नातून त्यांना काय मिळतं? बल्बचे पैसे वेगळे, पाणी घरून, आणि बाकीचं तुम्ही वाचलंच.

या सगळ्यावर रात्रबाजार उभा राहणार, किंवा याला बाजूला सारून उभा राहणार. माझी भीती दुसऱ्या शक्यतेची आहे.

मागे आम्ही भिशीच्या मैत्रिणी गोव्याला गेलो होतो तेव्हाचं सांगते. हडफड्याचा शनिवारचा रात्रबाजार फार गाजलेला, पर्यटनाच्या हंगामात भरणारा. दिवे, गाणी, कपडे, दागिने, देशोदेशीचं खाणं, सगळं झगमगीत. मजा आली, खोटं कशाला बोलू. पण तिथं गोव्याची बाई विकताना शोधावी लागली. ती भेटली म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात. मयड्याची केळी, सुकी मासळी, मातीची भांडी मांडून, तोंडानं भाव करत, गिऱ्हाइकाला दामटत बसलेली. तो बाजार तिचा होता. दोन्ही बाजार एकाच तालुक्यातले, पण एकात गाव विकतं आणि दुसऱ्यात गाव नुसतं जागा देतं.

इंदूरच्या सराफ्याचं मला कौतुक आहे ते दुसऱ्या कारणासाठी. दिवसा जिथं सोन्याचा व्यवहार, तिथंच रात्री दुकानांच्या पायऱ्यांवर भुट्ट्याचा कीस आणि गराडू. नवी जागा नाही, नवं बांधकाम नाही, तीच जागा दोनदा वापरायची. आपल्या बाजाराच्या जागेला हे सहज जमेल. पण तिथल्या कढयांमागेही बहुतेक पुरुषच. आमच्याकडेही काय वेगळं आहे म्हणा! गाड्यावर आलुबोंडे तळणारा पुरुष, आणि गाड्यामागे कांदा चिरणारी, पीठ भिजवणारी, भांडी घासणारी त्याची बायको. पाटीवर नाव त्याचं नाहीतर पोराचं. गल्ला त्याच्या खिशात. घरात रांधायचं काम बाईचं, पण रांधून पैसे मिळायला लागले की कढई पुरुषाच्या हातात जाते, हे कसं काय?

म्हणूनच वाटतं, रात्रबाजाराच्या जागा बाईच्या नावावर दिल्या जाव्यात. असं होऊ शकतं, याचा पुरावा आपण पाहिलाय. मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये आणि पुण्याच्या भीमथडी जत्रेत बचत गटाच्या बाया स्वतः स्टॉल लावतात, आणि लोक रांगा लावून खातात. वऱ्हाडच्या बाईजवळ विकायला काय कमी आहे? रोडगे आणि वांग्याची भाजी, मांडे, कच्चा चिवडा, अमरावतीचा गिला वडा, हिवाळ्यात मोर्शी-वरुडची संत्री. आणि शेंगुळे तर या गावचे हक्काचे! मांडे करणं हे तर बघण्यासारखं काम आहे, हातावर पुरणाची पोळी मोठी करत करत खापरावर टाकणाऱ्या बाईभोवती गर्दी जमायलाच पाहिजे. पण ती सरस आणि ती जत्रा वर्षातून एकदा, तीही दूरच्या शहरात. आठवड्याला घरच्या गावात तेवढा मान आणि तेवढं गिऱ्हाईक मिळालं तर त्यातून संसार चालेल.

हस्तकलेचं तसंच. आपल्याच जिल्ह्यात मेळघाटात लवादा इथं सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं, आणि कोरकू बायकांच्या हातच्या बांबूच्या राख्या देशभर गेल्या. सुनीलभाऊ २०२१ मध्ये गेले, काम मात्र उभं राहिलं. त्या कामामुळे एक गोष्ट कळली, की बांबू तोच, हात तेच, पण वस्तूला नाव आणि करणारीला ओळख मिळाली की भाव बदलतो. आमच्या बाजारात दुरड्या, टोपल्या, सुपं घेऊन बसणारी बाई हीच कला विकते. तिच्या सुपाला आपण घासाघीस करून वीस रुपये कमी करतो, आणि तशीच वस्तू शहरातल्या प्रदर्शनात 'पर्यावरणपूरक' म्हणून तिप्पट भावात आनंदानं घेतो. २०१७ मध्ये वनकायद्यात बदल होऊन जंगलाबाहेरच्या बांबूला झाडाच्या व्याख्येतून काढलं, त्यामुळे शेतातला बांबू तोडणं, नेणं सोपं झालं. पण विणणाऱ्या बाईला बसायला जागा आणि डोक्यावर दिवा हवा, तो काही त्या कायद्यानं दिलेला नाही.

एका ओळखीच्या बाईंनी मला टोकलं. म्हणाल्या, "तुम्ही उगाच नियम मागता. नियम आले की कागद येतात, कागद आले की दलाल येतात. आहे ते बरं आहे." त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. शहरांत फेरीवाल्यांच्या ओळखपत्रांसाठी बायांना किती चकरा माराव्या लागल्या ते आपण वाचलंय. सुशोभीकरणाच्या नावाखाली आधी फरशी बसते, मग गाळे बसतात, मग गाळ्यांचं डिपॉझिट ठरतं, आणि गोणपाटवाली नाल्याच्या कडेला जाते. म्हणून मी फार काही मागत नाही. बायकांसाठी संडास, पाण्याचा नळ, खांबावर पंचायतीचा दिवा, छापील पावती आणि बाजाराच्या दिवशी रात्री एक उशिराची एसटी. हे झालं की आठवडी बाजारच रात्रबाजार होतो. खाण्याच्या चार रांगा वाढवा, बांबूवाल्या बाईला पुढची जागा द्या, झालं. कमान आणि सेल्फीची जागा नंतर करता येईल, नाही केली तरी चालेल.

यातल्या पहिल्या चार गोष्टींसाठी मंत्रालयात जायची गरज नाही. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकांच्या कामासाठी खर्च करायचे असतात, आणि बाजाराची फी हे स्वतःचंच उत्पन्न. पंचायतींमध्ये २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असंही आपल्या राज्याचा कायदा सांगतो. बहुतेक गावांत ती सभा वहीतच होते, सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात, ते वेगळं. पण ती मागितली तर नाही म्हणता येत नाही.

बाजाराचा ठेका साधारण मार्चअखेर, नवं आर्थिक वर्ष लागायच्या आत दिला जातो. ठेक्याच्या अटी त्याच वेळी लिहिल्या जातात. फीचे दर फळ्यावर लावणं, प्रत्येकीला पावती देणं, बाजार उठेपर्यंत दिवे ठेवणं, हे अटींत घालायचं तर त्याआधीच्या सभेत बोलावं लागेल. आणि इथं एक मोठी अडचण आहे. बाजारात बसणाऱ्या बहुतेक बाया बाहेरगावच्या. आज या गावात, उद्या त्या गावात. ज्या पंचायतीला त्या आयुष्यभर फी भरतात तिथल्या ग्रामसभेत त्यांना बसायचा हक्क नाही, त्यांचं नाव त्या गावच्या मतदार यादीत नाही. त्या सभेत बसू शकतो आपण, संध्याकाळी पिशवी घेऊन जाणाऱ्या. मावशीच्या पाण्याचा विषय तिथं काढायचा तर तो आपल्यापैकीच कुणाला तरी काढावा लागणार आहे, आणि मार्चच्या आधी.